कुमुदताई, तुमच्या फाइलवरचा कोड

कुमुदताई, आपण नऊ वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि त्यातली शेवटची पाच वर्षं एकमेकींशी कामापुरतंच बोललो. दवाखान्यातल्या लोकांना वाटायचं, दोघींचं काहीतरी घरगुती बिनसलंय. भांडण एका आकड्याचं होतं. सतरा की अठरा. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही समोर असतात तर लिहिलं नसतं. बोललेही नसते, हे दोघींना माहीत आहे.

मी पहिल्यांदा तुमच्याकडं आले तेव्हा मला वाटलं होतं, टायपिंगचं काम असेल. जालना रस्त्यावरचा तो तीन मजली दवाखाना, औषधांच्या दुकानामागची बिनखिडकीची खोली, भिंतीला टेकलेल्या फायलींच्या चवडी. मी फुलंब्रीहून एसटीनं उभ्यानं आलेली, चप्पल धुळीनं पांढरी झालेली. तुम्ही मान वर न करता एक फाइल माझ्याकडं सरकवलीत आणि विचारलंत, "या माणसाला काय झालंय?" मी पहिलं पान बघून सांगितलं, ताप. तुम्ही म्हणालात, सगळी वाच आणि मग सांग. अर्धा तास लागला. त्याला टायफॉइड होता आणि रक्ताचा रिपोर्ट शेवटून तिसऱ्या पानाला टाचलेला होता.

"ताप हे त्याचं गाऱ्हाणं होतं," तुम्ही म्हणालात. "आजार नव्हे. गाऱ्हाण्याला कोड देऊन मोकळं व्हायचं नाही."

आपलं काम काय, हे मी घरी कितीदा समजावून सांगितलं, तरी आईला शेवटपर्यंत कळलं नाही. जगातल्या प्रत्येक आजाराला एक इंग्रजी अक्षर आणि त्याच्यापुढं आकडे दिलेले आहेत. पेशंटची फाइल आपल्याकडं यायची, ती वाचून आपण त्याच्या आजाराचा कोड ठरवायचा आणि कागद विमा कंपनीकडं पाठवायचे. पैसे द्यायचे की नाही ते कंपनी तो कोड बघून ठरवणार. तिथली माणसं पेशंटला कधी बघत नाहीत. त्याचा चेहरा, त्याची बायको, जिन्यात बसलेली त्याची लेकरं, यातलं काही त्यांच्यापर्यंत जात नाही. कोड तेवढा जातो. म्हणून तो खरा असला पाहिजे, असं तुमचं म्हणणं.

डॉक्टरांच्या अक्षरात निदानाशेजारी प्रश्नचिन्ह दिसलं की तुम्ही फाइल काखेत मारून उठायचात. गुडघे दुखत असताना दोन मजले चढून जायचात आणि विचारायचात, साहेब, हे आहे का नाही? डॉक्टर वैतागायचे. खाली येऊन तुम्ही चहाचा कप माझ्याकडं ढकलायचात आणि म्हणायचात, आता लिही. एकदा मॅनेजरनं सरळच सांगितलं की ज्या कोडला पैसे मिळतात तो टाकत जा, कोण बघायला बसलंय. तुम्ही वाद घातला नाहीत. फाइल त्यांच्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, मग सही तुम्ही करा. त्यांनी सही केली नाही, आणि तुमची पगारवाढही केली नाही.

शरीराच्या आत काय काय असतं हे मला तुमच्यामुळं कळलं, ताई. डब्यातली शेंगदाण्याची चटणी बाजूला सारून तुम्ही जुन्या पाकिटांच्या पाठीवर चित्रं काढायचात. हृदयाचे चार कप्पे, यकृत, पित्ताची पिशवी. बी.ए.ला तीन वर्षं घालवली, पण कुणी इतकं मन लावून मला काही शिकवलं नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग ती दोन वर्षं आली. पाऊस आला नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या दोन्ही विहिरींचा तळ दिसायला लागला आणि त्याच दिवसांत इकडं शहरात, बायपासच्या पलीकडं, महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती. माणसं राहायला आली, नळ आले नाहीत. माझ्या थोरल्या भावानं, कैलासदादानं, शेत पडीक ठेवलं आणि टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. जिथं पाणी शिल्लक होतं तिथून भरायचं आणि शहरातल्या सोसायट्यांत ओतायचं. दिवसाला सहा-सात खेपा. केबिन तव्यासारखी तापायची. दादा स्वतः पाणी कमी प्यायचा, कारण लघवीला टँकर थांबवला की सोसायटीवाल्यांचे फोन सुरू व्हायचे. हजारो लिटर पाणी पाठीशी घेऊन माणूस दिवसभर तहानेला असायचा. कंबर धरली की औषधाच्या दुकानातून एक गोळी घ्यायचा आणि पुन्हा गाडीवर बसायचा. पुढं पुढं ती गोळी रोजची झाली.

त्याला विम्याची पॉलिसी मीच घ्यायला लावली होती. आपल्या टेबलावर रोज जे बघायचे त्याची भीती बसली होती. पॉलिसीला दहा महिने झाले आणि एका सकाळी दादाचं तोंड सुजलं. पायही सुजले, पोटात अन्न ठरेना. वहिनीनं त्याला आपल्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी लिहिलं, किडनी अचानक निकामी, आणि खाली बारीक अक्षरात, जुनाट विकार, त्यापुढं प्रश्नचिन्ह.

त्याची फाइल मी केली. अक्षर एन आणि पुढं सतरा. सतरा म्हणजे अचानक आलेला बिघाड. अठरा म्हणजे वर्षानुवर्षं आत मुरलेला. सतराला कंपनी पैसे देणार होती. अठराला देणार नव्हती, कारण मुरलेला आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा धरतात आणि सुरुवातीची काही वर्षं तो पॉलिसीत बसत नाही. प्रश्नचिन्ह माझ्या बाजूनं होतं. पहिल्यांदाच मला ते प्रश्नचिन्ह आवडलं.

तुम्ही फाइल उचललीत आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट काढलात. बराच वेळ वाचलात. मग चष्मा काढून म्हणालात, "वैशाली, दोन्ही किडन्या लहान झाल्यात. किडनी आठ दिवसांत आक्रसत नाही गं."

मी म्हटलं, "ताई, माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगतेय."

तुम्ही मला खूप समजावलंत. कंपनीचे डॉक्टरही हाच रिपोर्ट बघतील, खोटं सापडलं तर पॉलिसीच रद्द करतील आणि फसवणुकीचा शिक्का बसेल. आणि समजा नाही सापडलं, तर पुढचा डॉक्टर कागद वाचून म्हणेल, अचानकचा बिघाड आहे, थोडी वाट बघू, किडनी सुधारेल. सुधारणार नाही ती. कागद खोटा लिहिला की उपचारही खोटे होतात, असं तुम्ही म्हणालात. मी यातलं काही ऐकत नव्हते. मला एवढंच दिसत होतं की तुम्ही फाइल काखेत मारून जिन्याकडं निघाल्या आहात. वरून आलात तेव्हा डॉक्टरांनी प्रश्नचिन्हावर काट मारली होती आणि शेजारी सही केली होती. अठरा.

चौथ्या दिवशी नकाराचं पत्र आलं.

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते सगळं आठवतं मला. तुम्हाला ना नवरा ना पोर, तुमचं काय जातंय, असंही बोलले. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन दादाचे कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेलात. तिथं सरकारी योजनेतून डायलिसिस मिळतं. तुम्ही रांगेत उभ्या राहिलात, अर्ज भरलात, आणि त्याच आठवड्यात दादाचा नंबर लागला. कागदावर आजार पक्का लिहिलेला होता म्हणून लागला. सतरा असता तर त्यांनी परत पाठवलं असतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, ताई. मी कबूल केलं नाही, एवढंच.

वीस महिने दादा आठवड्यातून दोनदा त्या मशीनवर जाऊन आला. फुलंब्रीहून पहाटेची गाडी धरायची आणि संध्याकाळी दोन्ही हातांनी बसचा दांडा धरून परत यायचं. उन्हाळ्यात पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. दिवसाला दोन-तीन पेले. टँकरवर असताना कुणी न सांगता तेवढंच प्यायचा. मी तुमच्यावर चिडले की तो मलाच गप्प करायचा. "त्या बाईंनी लई केलं माझ्यासाठी," म्हणायचा. "तू उगं राग धरू नको. त्यांनी लिहिलं म्हणून माझी किडनी खराब झाली का? नाय ना?"

दादा गेला. दहाव्याला तुम्ही एकट्या एसटीनं फुलंब्रीला आलात. बायकांत येऊन बसलात, कुणी तुम्हाला ओळखत नव्हतं. वहिनीच्या पाठीवरून हात फिरवलात. मी तुम्हाला पाणीही विचारलं नाही. तुम्ही तासभर थांबलात आणि उठून स्टँडकडं चालायला लागलात. रस्त्याला कुठं सावली नव्हती. मी दारातून बघत होते.

त्यानंतर आपण ज्या एका वाक्यावर अडकलो ते मीच बोलले होते. कामावर परत आल्यावर तुम्ही म्हणालात की दादाला जेवढं मिळालं तेवढं खऱ्या कागदामुळं मिळालं. मी म्हटलं, "कागद खरा राहिला ताई, माणूस राहिला नाही." तुम्ही काहीतरी म्हणायला तोंड उघडलंत, तेवढ्यात फार्मसीतून हाक आली आणि तुम्ही उठलात. पुढं तो विषय दोघींनीही काढला नाही. फाइल सरकवायची, सही घ्यायची, पाणी आलं का विचारायचं. मुकुंदवाडीत तुमच्याकडं आठव्या-नवव्या दिवशी नळाला पाणी यायचं, त्या दिवशी तुम्ही उशिरा यायचात आणि मी तुमच्या फायली करून ठेवायचे. तेवढं नातं राहिलं.

गेल्या वर्षी तुम्ही साडीच्या निऱ्या सैल खोचायला लागलात. पोट फुगतं, गॅस असेल, म्हणालात. दुसऱ्यांच्या फायलीत तुम्ही असलं गाऱ्हाणं कधी चालवून घेतलं नसतंत. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी भरलेलं होतं आणि त्या पाण्यात कॅन्सर सापडला. सर्जन बाहेरून यायचे, ऑपरेशन आपल्याच दवाखान्यात करायचं ठरलं, आणि तुमची फाइल टेबलाच्या माझ्या बाजूला आली.

तुमच्या पॉलिसीत एक अट होती. पॉलिसी घेताना तुम्ही अर्जात लिहिलं होतं की पूर्वी अंडाशयावर एक साधी गाठ होती. एजंट म्हणत होता, लिहू नका, कोण विचारतंय. तुम्ही लिहिलंत. म्हणून कंपनीनं अट घातली की अंडाशयाचा कुठलाही आजार चार वर्षं धरला जाणार नाही. त्यातलं तिसरं वर्ष चालू होतं.

मी वर जाऊन सर्जनना विचारलं, हे कुठून सुरू झालं? ते म्हणाले, अंडाशयातून झालं असेल किंवा पोटाच्या आतल्या पडद्यातून. दोन्हींकडं पसरलंय, उपचार एकच आहेत. मग आवाज उतरवून म्हणाले, "त्यांना ज्यानं फायदा होईल ते लिही. मी सही करतो." पडदा लिहिला तर कंपनी पैसे देणार होती. ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण तपासणीच्या रिपोर्टात स्पष्ट होतं की मोठी गाठ अंडाशयावर आहे आणि सुरुवात तिथूनच झाली असण्याची शक्यता जास्त. तो रिपोर्ट शेवटून दुसऱ्या पानाला होता. तुम्ही शिकवलं होतंत म्हणून मी तिथपर्यंत गेले.

मी फाइल घेऊन तुमच्या खाटेपाशी आले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होतात. मी दोन्ही सांगितलं, अंडाशय आणि पडदा, सर्जन काय म्हणाले ते, रिपोर्ट काय म्हणतो ते. आणि विचारलं, "ताई, काय टाकू?"

तुम्ही वळलात. माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "तू बघ."

नऊ वर्षांत तुम्ही मला हे कधी म्हणाला नव्हतात. कोड म्हणजे बघण्याची गोष्ट नाही, असं म्हणायचात. त्या दोन शब्दांत तुम्ही माझ्याकडं काय मागितलंत हे मला त्याच क्षणी कळलं, असं आता वाटतं. तेव्हा कळलं नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. माझ्या भावासाठी मी तुमच्याकडं जे मागितलं होतं तेच तुम्ही मागत होतात, आणि तुम्ही मागणाऱ्यांपैकी नव्हतात, म्हणून तेवढंच बोललात.

मी खाली आले आणि अंडाशय टाकलं.

का टाकलं, याचा जबाब मी बारा दिवस शोधतेय. तुमच्याकडूनच शिकले म्हणून टाकलं, असं म्हणते. कंपनीनं रिपोर्ट बघितलाच असता, असंही म्हणते. दोन्ही खरं आहे. पण कोड टाकताना माझ्या डोळ्यांपुढं दादा होता, मशीनशेजारी हात लांब करून पडलेला. आणि मी क्षणभरही थांबले नाही. थांबायला पाहिजे होतं, ताई.

नकाराचं पत्र तुमच्या हातात मीच दिलं. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत, कोडवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे." पत्राची घडी घालून उशीखाली ठेवलीत. मी थांबले, तुम्ही रागवाल म्हणून. तुम्ही म्हणालात, जा, फायली साठल्या असतील.

ऑपरेशन तिथं झालं नाही. तुमचे बंधू श्रीकांतभाऊ तुम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तारीख मिळायला दीड महिना गेला. तोपर्यंत पोटातलं पाणी दोनदा काढावं लागलं. ऑपरेशनला घेतलं तेव्हा आत फारसं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी सर्जनना विचारलं होतं, आधी झालं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. तुम्ही असतात तर त्या उत्तरावर त्यांना सोडलं नसतंत. मी सोडलं, कारण मला दुसरं उत्तर ऐकायचं नव्हतं.

शेवटी मुकुंदवाडीला तुमच्या घरी आले ती दुपार होती. यंदाही पावसानं दगा दिला होता. तुमच्या घरामागं जिथं ज्वारी असायची तिथं आता सात मजली इमारत झालीय, तिच्यामुळं तुमच्या खोलीत अंधार होता. तुमचे हात काड्यांसारखे झाले होते आणि पोट तेवढं वर. भाऊंनी चहा केला. तुम्ही मला विचारलंत, तुमच्या जागी घेतलेली नवीन मुलगी फाइल पूर्ण वाचते का. मी हो म्हटलं. ती वाचत नाही.

मग तुम्ही माझं मनगट धरलंत. "वैशाली," म्हणालात, "कैलासच्या वेळी मी..."

धाप लागली. भाऊ धावत आले, उशी उंच केली, तुमच्या ओठांना पाणी लावलं. तुमचा डोळा लागला. मी पाच वाजेपर्यंत बसले. तुम्ही जागं होऊन ते वाक्य पुरं कराल म्हणून बसले, आणि कराल या भीतीनं उठले. चुकलं, असं म्हणणार होतात की मी बरोबरच केलं, असं? पहिलं म्हणाला असतात तर मी तुमच्या फाइलवर काय करून ठेवलं? आणि दुसरं म्हणाला असतात, तर मग ते "तू बघ" काय होतं? मी दोन्ही बाजूंनी किती वेळा मांडून बघितलं. कुठूनही सुटका होत नाही. मी तुमची माफी मागणार होते, पण कशाची मागायची तेच ठरलं नव्हतं. तुमच्याविषयी मनात राग होता तशी कधीच न फिटणाऱ्या उपकारांची जाणीवही होती, आणि तुमच्यासमोर बसलं की राग तेवढा वर यायचा.

चार दिवसांनी भाऊंचा फोन आला.

परवा ते दवाखान्यात आले होते. मृत्यूचा दाखला काढायचाय, त्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांनी कारणाचा कागद दिला होता. तुम्ही घरीच गेलात, म्हणून त्यांनीच लिहून दिला. भाऊ मला म्हणाले, "तुम्ही या कामातल्या आहात, एकदा नजर टाका, महापालिकेत परत पाठवायला नको." मी वाचलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, हृदय बंद पडल्यामुळं. खाली काही नाही. कॅन्सर नाही, अंडाशय नाही, पडदा नाही. असले कागद आले की तुम्ही कशा चिडायचात. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, म्हणायचात, ते मरण झालं, कारण कुठंय? एका अनोळखी म्हाताऱ्याच्या कागदासाठी तुम्ही डॉक्टरांना जेवणावरून उठवलं होतंत.

भाऊ माझ्यासमोर तुमच्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली होती. त्या डॉक्टरांचा दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. मी जाऊन एक ओळ दुरुस्त करून आणू शकत होते.

"बरोबर आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

मी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "हो भाऊ. बरोबर आहे."